योसेफाचें पितृत्व : नाताळच्या सप्ताहाकरितां शास्त्रपाठ

पाठ : मत्तय १:१८–२५, मत्तय २ रा अध्याय, लूक २ रा अध्याय.

नाताळचा सण जवळ आला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एकच लगबग सुरू होते. मंदिराच्या भिंतींवरून चुन्याचा हात फिरतो, पताका लागतात, मुलांचीं गीतें बसविलीं जातात, आणि कोठें कोठें ख्रिस्तजन्माचा प्रवेशही करून दाखविण्यांत येतो. त्या प्रवेशांत मरीयेचें काम कोणाला द्यावें याची चर्चा होते. हेरोदाच्या कामासाठीं मोठ्या आवाजाचा मुलगा शोधतात. मागी लोकांच्या डोक्यास जरीचे फेटे बांधतात. योसेफाचें काम मात्र उरलेल्या मुलाकडे जातें. त्याच्या हातांत एक काठी दिली कीं झालें. त्यास बोलावयाचें कांहींच नसतें.

यांत प्रवेश बसविणाऱ्यांचा फारसा दोष नाहीं. चारही शुभवर्तमानें चाळून पाहिलीं तरी योसेफाच्या तोंडचा एकही शब्द लिहिलेला आढळत नाहीं. मरीयेचें स्तोत्र आहे, जखऱ्याचें आहे, वृद्ध शिमोनाचेंही आहे. मेंढपाळ आपसांत बोलतात, मागी वाट विचारतात, हेरोद तर पुष्कळच बोलतो. योसेफ केवळ उठतो, बालकास व त्याच्या आईस घेतो, जातो आणि परत येतो. म्हणून त्याच्याविषयीं शिकावयाचें तर त्याच्या हातापायांकडे पाहून शिकलें पाहिजे. या सप्ताहाच्या पाठांत आम्ही तेंच करणार आहों.

आरंभीं मत्तयाच्या पहिल्या अध्यायाकडे वळूं. मरीयेची योसेफाशीं मागणी झाली होती. आमच्याकडे साखरपुडा मोडला तर चार दिवस बोलवा होतो, दोन्ही घरें दुखावतात, आणि गोष्ट तेथेंच संपते. यहूदी लोकांत तसें नव्हतें. मागणी झालेली मुलगी, सासरीं नांदावयास गेली नसली तरी, कायद्यानें त्या पुरुषाची बायको समजली जाई, व तें नातें तोडावयाचें तर सूटपत्रच द्यावें लागे. अशा मुलीनें परपुरुषाशीं संबंध ठेविला असें ठरल्यास नियमशास्त्रांत शिक्षा कोणती होती, तें अनुवाद २२:२३–२४ येथें पाहावें. ती दगडमाराची शिक्षा होती. ती प्रत्यक्षांत न झाली तरी जन्माची बेअब्रू कांहीं चुकत नव्हती.

मरीया गरोदर आहे हें कळलें तेव्हां योसेफापुढें दोन वाटा होत्या. चारचौघांत उभें राहून ‘माझा यांत कांहीं संबंध नाहीं’ असें म्हणावें, म्हणजे त्याचें नांव स्वच्छ राहिलें असतें. जे दगड पडावयाचे ते मरीयेवर पडले असते. किंवा गुपचूप सूटपत्र द्यावें. त्यानें दुसरी वाट मनांत धरिली. येथें वाचकांनीं थोडें थांबावें. देवदूत अजून आलेला नाहीं. खरें काय तें योसेफास कळलेलें नाहीं. आपणांस फसविलें असेंच तो समजत असावा. असें असतांही तिची अब्रू चव्हाट्यावर येऊं नये, हा विचार तो करितो, आणि मत्तय याच पुरुषाला नीतिमान म्हणतो. भावकीच्या बैठकींत एखाद्या मुलीचा विषय निघाला म्हणजे मंडळींतले मानकरी कसे बोलतात, तें आम्हीं ऐकलेलें आहे. तेथें नीतिमान म्हणविणारे पुष्कळ असतात. परंतु या अर्थानें नीतिमान एखादा मिळाला तर मिळाला.

मग स्वप्न पडतें, आणि सकाळीं उठून तो तिला आपल्या घरीं आणतो. यांत त्यानें काय दिलें? आपलें नांव दिलें. आजवर लोकांस बोट दाखवावयास एकटी मरीया होती. तिला घरांत घेतांच तें बोट दोघांकडे वळलें. स्वप्न त्यास एकट्यास पडलें होतें. गांवाला पडलें नव्हतें.

आठव्या दिवशीं सुंतेच्या वेळीं बालकाचें नांव येशू असें ठेविलें गेलें, असें लूक सांगतो. आणि मत्तयाच्या लिहिण्यावरून तें योसेफानेंच ठेविलें असें दिसतें. आमच्या बारशांत कानांत कुर्र करण्याचा मान आत्याचा. येथें मात्र पिता नांव ठेवितो, आणि त्या ठेवण्यांत ‘हें मूल माझें’ अशी ग्वाही सर्वांसमक्ष देतो. मत्तयाच्या आरंभीं जी लांबलचक वंशावळ आहे, जी वाचतांना आमच्यांतले पुष्कळ उपदेशक पान उलटतात, ती योसेफाची आहे. या सुतारानें बालकास आपलें म्हटलें, आणि त्या आपलेपणानें दावीदाचें कुळ येशूचें झालें.

एका तरुण उपदेशकानें आम्हांस मागें विचारिलें होतें : ‘योसेफ कांहीं खरा बाप नव्हे, मग त्याच्या पितृप्रेमाचा धडा मंडळीस कसा द्यावा?’ त्यास आमचें उत्तर असें कीं, लूक २:४८ काढून पाहावें. मंदिरांत सांपडलेल्या मुलाशीं बोलतांना मरीया स्वतः योसेफाचा उल्लेख त्याचा पिता असाच करिते. तिच्याहून अधिक कोणास ठाऊक होतें? आणि आमच्या मंडळ्यांत मेलेल्या भावाचीं लेंकरें पोटच्यांसारखीं वाढविणारे काय थोडे आहेत? त्यांस कधीं कोणी मंदिरांत उभें करून त्यांचें नांव घेतलें आहे काय?

आतां बेथलेहेमची वाट. कैसर औगुस्ताच्या नांवनिशीसाठीं योसेफ नासरेथाहून निघाला. वाट कोणती घ्यावी त्याप्रमाणें हें अंतर सुमारें १२० ते १५० किलोमीटर भरतें, म्हणजे पायीं जाणाऱ्यास पांचसहा दिवसांचें. आमच्या चित्रांत मरीया गाढवावर बसलेली व योसेफ पुढें दोरी धरून चाललेला दिसतो. शास्त्रांत गाढवाचा उल्लेखच नाहीं. गाढव असेलही; चित्रें फाडून टाका असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु दिवस भरत आलेल्या बायकोस घेऊन चढउताराच्या वाटेनें चालणें काय असतें, हें ज्या बापांनीं तिला रात्रीं बैलगाडींत घालून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत नेलें आहे, त्यांस चित्रावांचून कळेल. उतारशाळेंत जागा नव्हती, आणि जन्मलेलें बालक गव्हाणींत निजविलें गेलें. घराण्याच्या गांवीं जाऊनही ज्यास बायकोच्या बाळंतपणाकरितां धड जागा देतां आली नाहीं, त्या पुरुषाच्या मनास त्या रात्रीं काय वाटलें असेल?

याच्या पुढची गोष्ट उपदेशांत बहुतेक गाळली जाते; आम्हांस ती फार मोलाची वाटते. मुलास घेऊन आईबाप यरुशलेमेच्या मंदिरांत गेले व त्यांनीं पक्ष्यांचें अर्पण केलें, असें लूक २:२४ येथें आहे. आतां लेवीय १२:६–८ उघडून पाहा. बाळंतिणीच्या शुद्धीकरणासाठीं एक कोंकरूं व एक पक्षी असें अर्पण सांगितलेलें होतें. ज्या बाईस कोंकराची ऐपत नसेल तिनें दोन होले किंवा पारव्याचीं दोन पिलें आणावीं, अशी सवलत होती. योसेफानें ती सवलत घेतली. म्हणजे हें घर गरीब होतें, हें मंदिरांतल्या याजकांस, रांगेंतल्या लोकांस, सर्वांस दिसलें. राजाधिराजाचा जन्म झाला असतां कोंकरासाठीं त्यानें सावकाराचें दार ठोठावलें नाहीं.

हें आम्ही मुद्दाम लिहितों. नाताळसाठीं कर्ज काढणारे बाप आमच्या मंडळ्यांत आहेत. शेजारच्या घरीं नवे कपडे आले, आपल्या पोरांस कां नको, म्हणून मुकादमाकडून आणखी दोन हजारांची उचल घेतात आणि त्या दोन हजारांसाठीं वैशाखापर्यंत राबतात. त्यांच्या प्रेमाबद्दल आम्हांस शंका नाहीं. परंतु उपदेशकांनीं त्यांस होल्यांची गोष्ट वाचून दाखवावी, आणि मुलांसही त्याच वेळीं जवळ बसवावें. कारण कर्ज बाप काढितो खरा, पण पुष्कळदां तें मुलांच्या हट्टानें काढितो.

मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायांत दोन बाप समोरासमोर उभे आहेत, याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. एक योसेफ आणि दुसरा हेरोद. हेरोदही बापच होता. त्याला पुष्कळ बायका व पुष्कळ मुलें होतीं. यहूदी इतिहासकार योसेफस यानें त्याच्या घरची हकीकत सविस्तर लिहून ठेविली आहे. आपलें सिंहासन मुलें हिरावून घेतील या संशयानें हेरोदानें इ. स. पूर्वीं ७ व्या वर्षाच्या सुमारास आलेक्सांद्र व अरिस्तोबूल या आपल्या दोन मुलांस गळा दाबून मारविलें. तिसरा मुलगा अंतिपातर यास त्यानें इ. स. पूर्वीं ४ मध्यें ठार करविलें, आणि त्यानंतर पांचच दिवसांनीं तो स्वतः मेला. पहिल्या दोन मुलांच्या आईस, म्हणजे मरियम्ने राणीस, त्यानें त्यापूर्वींच मारविलें होतें. राज्य राखावें म्हणून पोटच्या मुलांचा बळी देणारा हा बाप राजवाड्यांत राहत होता. त्याच्याच राज्यांत एक सुतार दुसऱ्या स्वप्नानंतर रात्रींच उठला, आणि जें पोटचें नव्हतें त्या मुलासाठीं घर, गिऱ्हाईक, भाषा, ओळखीपाळखी सर्व टाकून मिसराच्या वाटेस लागला.

सकाळपर्यंत तो थांबला नाहीं. सामानसुमान विकून चार पैसे गांठीस बांधावे, भाऊबंदांचा निरोप घ्यावा, एवढाही अवकाश त्यानें घेतला नाहीं. मिसर त्या काळीं रोमी प्रांत होता. हेरोदाचा हुकूम तेथें चालत नव्हता, आणि आलेक्सांद्रियासारख्या शहरांत यहूद्यांची मोठी वस्ती होती. म्हणजे जागा सुरक्षित होती. पण परक्या मुलखांत परक्याच्या दारीं काम मागणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस शिकवावें लागेल असें नाहीं.

हेरोद मेल्यावर तो परत निघाला, तों यहूदीयांत अर्खेलाव राज्य करितो असें त्यास कळलें. योसेफ भ्याला, असें मत्तय स्पष्ट लिहितो, आणि त्या भीतीस कारण होतें. अर्खेलावानें राज्य हातीं येतांच वल्हांडण सणांत यरुशलेमेंत सैन्य घालून सुमारें ३,००० लोक कापून काढिले, असें योसेफस लिहितो. हा राजा पुढें इ. स. ६ मध्यें खुद्द कैसरानेंच पदच्युत करून गॉल देशांत हद्दपार केला. कित्येक उपदेशक ‘योसेफ विश्वासाचा वीर होता, त्यास भय ठाऊक नव्हतें’ असें सांगतात. तें खरें नव्हे. ज्याच्या कडेवर मूल आहे त्यास भय ठाऊक असतेंच. चौथ्या स्वप्नांत सूचना मिळाली आणि तो गालीलांत वळून नासरेथास जाऊन राहिला.

त्यापुढील वर्षांविषयीं शुभवर्तमानें थोडेंच बोलतात. त्याच्या धंद्यास मूळ ग्रीक भाषेंत जो शब्द आहे तो लांकूडकाम करणाऱ्यास लागतो, तसाच घरें बांधणाऱ्या कारागिरासही लागतो. पुढें येशू आपल्या गांवच्या सभास्थानांत शिकवूं लागला तेव्हां लोकांनीं त्यास सुताराचा पोर म्हणून हिणविलें (मत्तय १३:५५), आणि मार्क ६:३ येथें तर त्यालाच सुतार म्हटलें आहे. म्हणजे बापाचें हत्यार मुलाच्या हातांत आलें होतें. दरवर्षीं वल्हांडणास हें कुटुंब यरुशलेमेस जात असे. मुलगा बारा वर्षांचा असतां तो मागें राहिला, आणि तीन दिवसांनीं मंदिरांत सांपडला. तेथें मुलानें आपल्या स्वर्गींच्या पित्याविषयीं जें उत्तर दिलें तें ऐकावयास योसेफ उभा होता. ज्यानें नांव दिलें, देश सोडिला, धंदा शिकविला, त्याच्यासमोर तें बोलणें झालें. त्यानें कांहीं उत्तर दिल्याचें लिहिलेलें नाहीं. सर्व मिळून नासरेथास परत गेले, व मुलगा त्यांच्या आज्ञेंत राहिला. यानंतर योसेफ आम्हांस दिसत नाहीं. वधस्तंभावरून येशूनें आपल्या आईस एका शिष्याच्या हवालीं केलें, यावरून योसेफ तोंपर्यंत मरण पावला असावा, असें बहुतेक मानितात.

एक गोष्ट मात्र आम्हांस बोलल्यावांचून राहवत नाहीं. गेथशेमाने बागेंत प्रार्थना करितांना येशूनें देवास ‘अब्बा’ अशी हांक मारिली (मार्क १४:३६). हा अरामी भाषेंतला घरगुती शब्द आहे. आमच्या कित्येक खेड्यांत मुलें बापास ‘आबा’ म्हणतात. दोन्ही शब्दांचें कूळ एक आहे असें आम्ही म्हणत नाहीं, पण कानास ते सारखे लागतात. हा शब्द लहानग्या येशूनें प्रथम कोणास उद्देशून उच्चारिला असेल? नासरेथाच्या त्या घरांत, भुशानें माखलेल्या एका माणसास. जो शब्द देवासाठीं योग्य ठरला तो त्या माणसानें आपल्या वागणुकीनें मळूं दिला नव्हता.

येथें उपदेशकांस एक इशारा. मंडळींत अशींही लेंकरें असतात कीं, ज्यांस बापाची आठवण म्हणजे दारूचा वास आणि आईचें रडणें. त्यांच्यापुढें ‘तुमच्या बापानें तुमच्यावर जसें प्रेम केलें’ असें सहज म्हणून जाऊं नये. त्यांस योसेफ दाखवावा आणि गप्प राहावें.

आतां आमच्याविषयीं थोडें लिहितों. आमच्या वडिलांस आम्ही आबाच म्हणत असूं. दिवाळी झाली कीं आबा व आई उचलीपायीं ऊसतोडीस जात, आणि उन्हाळ्यांत परत येत. आम्ही आजीजवळ राहून शाळा शिकत असूं. त्यामुळें नाताळांत आबा घरीं कधीं नसत. आम्ही नऊ वर्षांचे असतां नाताळच्या प्रवेशांत आम्हांस योसेफाचें काम मिळालें. आम्हांस हेरोद व्हावयाचें होतें. बोलावयास कांहीं नाहीं म्हणून आम्ही दोन दिवस रुसलों होतों.

चोवीस तारखेच्या रात्रीं प्रवेश संपला, आणि आम्ही अंगणांत तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांच्या मुलाबरोबर उभे होतों. इतक्यांत दाराजवळ आबा दिसले. कारखान्यावरून निघालेल्या रिकाम्या ट्रकमधून ते फाट्यापर्यंत आले होते व तेथून पायीं. अंगावर तोडीचेच कपडे, पाचटानें चिरलेले काळे हात, आणि हातांत वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेलें कांहीं तरी. त्या मुलानें विचारिलें, ‘तो माणूस कोण रे?’ आम्हीं म्हटलें, ‘आमच्या गांवचा एक जण आहे.’

आबा दोन पावलांवर होते. ते आमच्याजवळ आले नाहींत. कागदाची गुंडाळी आजीच्या हातीं देऊन, पहांटे गाडी भरावयाची आहे म्हणून, ते रात्रींच परत गेले. गुंडाळींत पांढरा सदरा होता. दुसऱ्या दिवशीं तो घालून आम्ही उपासनेस गेलों.

आबांनीं ही गोष्ट पुढें कधींही काढिली नाहीं, आणि त्यांनीं ऐकलें नसावें असें आम्ही स्वतःस समजावीत राहिलों. ते वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनीं, आमचा पाळक म्हणून दीक्षाविधि झाला त्या दिवशीं, आम्हीं आईस विचारिलें. आई म्हणाली, ‘ऐकलं होतं त्यांनी. कोपीवर येऊन मला सांगितलं, अन् म्हणाले, पोराला बोलू नको, लहान आहे. मग म्हणाले, त्याला योसेफाचं काम दिलंय. बोलायचं काही नाही, पण उभा चांगला राहिला.’

क्षमा मागावयास आबा उरले नव्हते. हा पाठ शिकवितांना तीं दोन पावलें आमच्या डोळ्यांपुढून जात नाहींत, म्हणून तें येथें लिहिलें.

नाताळच्या दिवसांत आमच्या कित्येक मंडळ्यांचे निम्मे पुरुष तोडीवर असतात. उपदेशकांनीं शक्य असेल तेथें नाताळच्या आधींच्या रविवारीं जवळच्या तळावर जावें, व मत्तयाचा दुसरा अध्याय तेथें वाचावा. सकाळीं जाऊं नये; ते लोक पहांटेच फडांत गेलेले असतात. सायंकाळीं चुली पेटल्यावर जावें आणि बोलणें थोडक्यांत आटपावें, कारण त्यांस पुन्हा पहांटे उठावयाचें असतें. मागें राहिलेल्या मुलांस शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीं एकेक करून जवळ घ्यावें, व आपल्या आईबापांस मोबाइलवर काय सांगावयाचें तें त्यांस आधीं विचारावें. नाहीं तर फोन हातीं आल्यावर मूल नुसतें ‘हूं, हूं’ करितें आणि पलीकडचा बाप ‘जेवलास का?’ एवढेंच विचारून ठेवून देतो.

या वर्षीं आमच्या मंडळींत योसेफाचें काम ज्या मुलाकडे आलें आहे, त्याचा बाप तोडीवर आहे. चोवीस तारखेस त्यास येतां येईल कीं नाहीं तें मुकादमाच्या मर्जीवर आहे. पुढच्या सतरंजीवर एक जागा आम्हीं राखून ठेविली आहे.